कुठे अडलं तेवढं सांगा : नव्या गाण्यांच्या अभिप्राय-फेरीच्या नोंदी

२ जून २०२५, मुलुंड

फेरी आजपासून सुरू केली. गटात ज्याच्याकडे नवं, अजून कुठेही न वाजलेलं स्वतःचं गाणं असेल त्याने ते टाकायचं, बाकीच्यांनी ऐकून लिहायचं, मग दुरुस्त होऊन ते परत यायचं. गणपती २७ ऑगस्टला बसतायत. सोसायटीच्या मंडळाने शनिवारी, ३० तारखेला, एक तास दिलाय. तोवर सहा गाणी चारचौघांत म्हणण्याजोगी व्हायला हवीत.

गट व्हॉट्सअ‍ॅपवरचा. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. परळच्या रुग्णालयात काम करणारी एक नर्स, भांडुपच्या टेकडीवरचा गिटारवाला पोरगा, गिरगावचे काका (भावगीतांना चाली लावण्यात हयात गेली), दहिसरचा एक जण जो लिहितो फार चांगलं पण गायला लाजतो, गोरेगावच्या ताई, पेटीवर मी, आणि इतर बरेच. आजवरची रीत अशी की गाणं पडलं की अंगठे, जोडलेले हात, ‘कडक’, ‘जियो’, आणि तासाभरात कोणीतरी सुप्रभात टाकून ते वर ढकलून देतं. टाकणाऱ्याला बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्या दिवशी पेटी उघडून बसलं की नेमकं बदलायचं काय, ते काही कळत नाही.

म्हणून बंधन एवढंच घातलंय. गाण्यासोबत ते कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहायचं: नुसती चाल, कच्चं रेकॉर्डिंग, की जवळपास पक्कं. एक प्रश्न विचारायचा. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न धरला जाणार नाही. ऐकणाऱ्याने मिनिट-सेकंद द्यायचे आणि कशावर ऐकलं ते सांगायचं.

५ जून

पहिलं गाणं नर्सबाईंचं. रात्रपाळी करून घरी जाताना सुचलेलं, फोनवर गायलेलं, मागे केरव्याचा साधा ठेका.

रात्रपाळी संपते अन् चालते मी एकटी
लालबागी चाळ जागी, पेटलेली शेगडी

प्रश्न त्यांनी छान विचारला: ‘पहिल्या दोन ओळींत मी कुठे आहे ते कळतं का?’

उत्तरं आली ती अशी. एकाने लिहिलं, शब्द कळत नाहीत, उच्चार स्पष्ट करा. दुसऱ्याने लिहिलं, माईक जवळ घ्या. तिसऱ्याचं म्हणणं, ठेक्याचा आवाज कमी करा. चौथ्याने विचारलं, ‘हे संपावरचं गाणं आहे का? संपाते म्हणजे काय?’ गटात हशा. नर्सबाई नाराज झाल्या असाव्यात, कारण संध्याकाळपर्यंत गप्प होत्या.

पण चौघांनीही वेळ लिहिली होती आणि चौघांची वेळ एकच होती. ०:१४ ते ०:१७. ‘संपते’.

७ जून

काकांनी कोडं सोडवलं. मला फोन करून म्हणाले, ‘अगं, तिचा उच्चार सोन्यासारखा आहे. मात्रा भलत्या अक्षरावर टाकलीये.’

मग पेटीवर बसून मोजलं. ओळ ‘गालगागा’च्या चालीची आहे (गा म्हणजे दोन मात्रांचं गुरू अक्षर, ल म्हणजे एका मात्रेचं लघु), एकेका तुकड्याच्या ७ मात्रा. रा-त्र-पा-ळी, सं-प-ते-अन्. केरवा ८ मात्रांचा. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे एक मात्रा उरते, आणि ती कुठल्या अक्षरावर लांबवायची हे चाल लावणाऱ्याने ठरवायचं असतं. नर्सबाईंनी ती दुसऱ्या, लघु अक्षरावर टाकली होती. ‘रात्रऽपाळी’ एकवेळ चालून गेलं, पण ‘संपऽते’चं ‘संपाते’ झालं आणि लोक थेट संपावर गेले.

उपाय दोन. उरलेली मात्रा शेवटच्या गुरू अक्षरावर ठेवायची: ‘रात्रपाळीऽ संपते अन्ऽ’, त्यात ‘अन्’चा न गुणगुणत धरता येतो, उलट बरा वाटतो. किंवा केरवा सोडून रूपक घ्यायचा. ३-२-२ अशा ७ मात्रा, शब्द जसे बोलतो तसेच बसतात. दोन्ही गाऊन पाठवले त्यांना, कुठलं घ्यायचं ते मात्र सांगितलं नाही.

या गाण्याने माझं एक मत पक्कं केलं. ऐकणाऱ्याला कुठे अडलं ते तो जवळजवळ नेहमी बरोबर सांगतो. का अडलं हे सांगायला लागला की घसरतो. चार माणसं, चार उपाय, चारही निरुपयोगी. जागा मात्र अचूक.

११ जून

काकांशी पुन्हा बोलणं झालं, या खेपेला लांबलं. त्यांना हा मिनिट-सेकंदाचा प्रकार आधी हास्यास्पद वाटला होता. ‘गाणं म्हणजे काय पोस्टमॉर्टेम आहे?’ मग स्वतःच बैठकींकडे वळले. गिरगावात लक्ष्मीबागेतल्या मैफली त्यांनी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या. म्हणाले, तिथे दाद कधी यायची? गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला की माना हलायच्या. एखादी जागा, म्हणजे सुरांची नेमकी हरकत, घेतली की तिथल्या तिथे ‘वा!’ गाणाऱ्याला लगेच कळायचं की कोणती जागा पोचली. एखादी त्याने जीव ओतून घेतलेली जागा नुसतीच गेली, कोणाचं हूं नाही की चूं नाही, तर तेही त्याला कळायचं, आणि पुढच्या आवर्तनात तो ती वेगळी घ्यायचा.

मी म्हटलं, काका, आमच्याकडे गाणं संपल्यावर ‘वा’ येतं. कशाला आलं ते कळायला मार्ग नाही.

थोडं थांबून म्हणाले, ‘मग लिहा बाई मिनिट-सेकंद.’ आणि संध्याकाळी नर्सबाईंच्या गाण्याखाली त्यांचा मजकूर: ‘१:०२. शेगडीवर उतरताना कोमल निषादाला नुसता स्पर्श केलात. वा.’ फेरीतला हा मला सर्वांत आवडलेला अभिप्राय. त्यात सुधारणा एकही नाही, पण नर्सबाईंना ती जागा आता कायम जपावी लागणार.

१४ जून

गोरेगावच्या ताईंनी एक पद्धत सुचवली. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये मांडलेली, चार पायऱ्यांची. आधी ऐकणारे सांगतात, त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग ऐकणारे प्रश्न विचारतात, पण मत न मिसळलेले. शेवटी मत, तेही ‘अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकाल का?’ असं विचारून. कलाकार नको म्हणू शकतो.

प्रयोग केला. व्हॉट्सअ‍ॅपवर चारही पायऱ्या पाळणं अशक्य. लोक गाडीत, स्वयंपाकघरात, जेवणाच्या सुट्टीत लिहितात, तिसरी पायरी येईपर्यंत पहिलीवाला झोपलेला असतो. पण तिसऱ्या पायरीने धमाल आणली. मत न मिसळलेला प्रश्न विचारणं मराठी माणसाला जन्मजात जड. ‘एवढं हळू का गायलंय?’ हा प्रश्न नाही, टोमणा आहे. ‘यमक मुद्दाम सोडलंय का?’ यातलं ‘मुद्दाम’ काढा. दुपारभर गटात एकमेकांचे प्रश्न दुरुस्त करणं चाललं होतं. शेवटी ‘लय ठरवताना डोक्यात काय होतं?’ इथपर्यंत गाडी आली.

चार पायऱ्या सोडून दिल्या. दोन गोष्टी ठेवल्या: पहिलं वाक्य ‘मला काय ऐकू आलं’ याचं, आणि उपाय सुचवायचा तर विचारून.

१८ जून

भांडुपच्या पोराचं गाणं. हे रॅपकडे झुकणारं, दोन गिटार, खाली बेस.

चार वाजता नळाला पाण्याआधी लागे रांग
हंड्यामागे हंडा, आई, आपला नंबर कितवा सांग

त्याने ते घरीच रेकॉर्ड केलंय. पत्र्यावर पाऊस पडत नसेल आणि शेजारचा कुकर झालेला असेल अशी वेळ गाठून, डोक्यावरून गोधडी घेऊन. प्रश्न: ‘आवाज पुढे वाटतो का?’

बहुतेकांनी लिहिलं, ०:४८ नंतर शब्द दबतात. त्याने आवाज वाढवून नवं रेकॉर्डिंग टाकलं. आता लोक म्हणाले, गाणारा अंगावर येतो, आणि शब्द तरीही कळत नाहीत. पोरगा वैतागला. ‘ताई, यांना नक्की पायजे काय?’

२१ जून

रविवार उद्या, म्हणून रात्री बसून त्याची फाइल उघडली. ०:४८ला फाटक्या आवाजाची गिटार आत येते आणि थेट १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जाऊन बसते. ळ, ल, र यांतला फरक आणि त, च, क यांची धार आपल्याला कळते ती मोठ्या प्रमाणावर याच पट्ट्यातून. आवाज वाढवला की स्वर फुगतात, व्यंजनं गिटारखालीच राहतात. म्हणून एकाच वेळी ‘अंगावर येतो’ आणि ‘कळत नाही’. दोन्ही तक्रारी खऱ्या.

त्याला सांगितलं: आवाज होता तिथे परत ने, गिटारला तेवढ्याच पट्ट्यात ३ डेसिबल कमी कर, आवाजावरची घुमारी (रिव्हर्ब) अर्ध्यावर आण. दोन गिटार डावी-उजवीकडे लावायचा त्याचा बेत होता. हेडफोनवर ते झकास लागतं, पण एकाच स्पीकरच्या फोनवर डावं-उजवं एक होतं आणि पुन्हा तोच चिखल. ‘कशावर ऐकलं’ हे लिहायला लावलं त्याचा इथे उपयोग झाला. ‘बेसच नाहीये’ म्हणणारे सगळे फोनच्या स्पीकरवर ऐकणारे निघाले. फोनचा एवढासा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही वाजवतच नाही, मग बेस ऐकू येणार कुठून? तो दोष गाण्याच्या खात्यात लिहायचा नाही. पण लोक फोनवरच ऐकणार हेही खरं, तेव्हा बेसच्या सुरावलीत वरच्या सप्तकातली एखादी खूण ठेवलेली बरी.

फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची हा नियम आज घातला. रेकॉर्ड करून सरळ व्हॉइस मेसेज सोडला की आवाज इतका आवळला जातो की झांजेबद्दल कोणी काही बोलू नये.

२४ जून

आणखी एक सापळा. नव्या मिक्सला गटाने एकमुखाने ‘लय भारी सुधारणा’ म्हटलं. मी दोन्ही फाइली मोजल्या, नवी जवळपास २ डेसिबल मोठी होती. मोठं वाजलं की आपल्याला ते चांगलंच वाटतं, कानाची ती खोड आहे. तुलना करायची तर दोन्ही एका पातळीवर आणून करावी. शिवाय गाणं स्पॉटिफायवर गेल्यावर ते साधारण उणे १४ एलयूएफएसला (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आणून वाजवलं जातं, तेव्हा नुसतं मोठं करून मिळवलेला फायदा तिथे उरत नाही. पातळी जुळवून पुन्हा पाठवलं. या वेळी मतं फुटली. शब्द आता कळतात यावर सगळे ठाम, पण दोघांना जुनी, चिखलातली गिटार जास्त ‘भांडुपची’ वाटली. पोरगा खूश. ‘ताई, हे खरं वाटतंय.’

३० जून

गोरेगावच्या ताई दर फेब्रुवारीत परदेशातल्या एका उपक्रमात गाणी लिहितात, ‘फेब्रुवारी अल्बम रायटिंग मंथ’. २००४ पासून चालू आहे; २८ दिवसांत १४ गाणी. त्यांचं म्हणणं, आपण फार लवकर चिरफाड करतो. दोन दिवसांत एक गाणं लिहिणाऱ्या माणसाला ‘पुढे जा’ एवढंच ऐकायचं असतं, गिटार ३ डेसिबल खाली घे हे नाही.

पटलं. टप्प्याची नोंद त्यासाठीच होती, पण वाचतं कोण! आता ‘नुसती चाल’ असं लिहिलेल्या गाण्यावर फक्त काय लक्षात राहिलं ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी. ऐकताना नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना कुठली ओळ तोंडात आली, याच्याइतकी कच्च्या चालीची पारख दुसरी नाही.

६ जुलै

आषाढी. गट अभंगांनी भरलाय. फेरी आज बंद.

९ जुलै

एक नवा सभासद गाणं टाकायला घाबरतोय. ‘कोणी ढापलं तर?’

वाचून ठेवलेलं त्याला सांगितलं. कॉपीराइट कायदा १९५७चा. गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून झालं की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोगी. हक्क आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. कल्पनेवर हक्क नसतो. नळावरच्या रांगेवर उद्या आणखी दहा जण गाणं लिहू शकतात, भांडुपच्या ओळी उचलू शकत नाहीत. २०१२च्या दुरुस्तीने तर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला, वारस आणि कॉपीराइट संस्था सोडून, कोणाला लिहून देता येत नाही. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून मुंबईतच आहे. आणि व्यवहारात सांगायचं तर गटात टाकलेल्या फाइलला तारीख-वेळ असते, ज्यांनी ऐकलं ते साक्षीदार असतात. कपाटात ठेवलेल्या वहीला हे दोन्ही नाही.

त्याने विचारलं नाही पण खरा गुंता वेगळा आहे: अभिप्राय देता देता कोणी अख्खी ओळच देतो. ती कोणाची? ताईंनी तोडगा काढला. ओळ सुचवणाऱ्याने तिथेच लिहायचं, ‘घ्या, दिली’ किंवा ‘घेतलीत तर नाव घाला’. काहीच लिहिलं नाही तर ती दिली असं धरायचं. काकांना हे वकिली वाटलं. मला अजिबात वाटत नाही. दोस्तीत फाटतं ते अशाच न बोललेल्या गोष्टींवरून.

१५ जुलै

दहिसरचा. त्याचे वडील मे महिन्यात गेले. गाणं पेटीवर मीच धरून दिलंय, गायला शेवटी तो स्वतःच बसला.

पास अजून चालू आहे बाबांचा
शेवटची तारीख सतरा

सोबत लिहिलं होतं: ‘काही सुचवू नका. फक्त ऐका.’

वीस मिनिटांत एकाचा अभिप्राय. यमक जुळत नाही, दुसऱ्या ओळीला वजन कमी पडतं, ‘शेवटची तारीख’ऐवजी असं करून बघा, तसं करून बघा. लिहिणारा वाईट माणूस नाही. त्याला खरंच मदत करायची होती आणि वरची ओळ त्याने वाचली नव्हती. मी त्याला खासगीत लिहिलं, त्याने लगेच काढून टाकलं. बाकीच्यांना काय लिहावं सुचेना. मग नर्सबाईंनी लिहिलं: ‘०:२२ला मी बस थांब्यावर होते. दोन बसेस सोडल्या.’ त्यांच्या मागोमाग इतरांनीही आपण कुठे होतो एवढंच लिहिलं. कोणी ऑफिसच्या जिन्यात, कोणी ठाण्याच्या फलाटावर.

‘अभिप्राय नको’ असं सांगायला परवानगी हवी, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी हवी. आता अशा गाण्याच्या नावाआधी ‘ऐका’ असं लिहायचं.

२२ जुलै

काकांचं गाणं येऊन आठवडा झाला. भावगीत, पट्टी (पेटीच्या ज्या पट्टीवर ‘सा’ धरतात ती) काळी दोन. चाल अशी की आपण ती आधीही ऐकलीय असं वाटावं आणि कुठे ते आठवू नये. खाली नमस्कारांची रांग. ‘अप्रतिम काका’, ‘शब्दच नाहीत काका’. शब्द होते सगळ्यांकडे. अंतऱ्यात तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, आवाज चिरतो, प्रत्येकाने ऐकलंय, दोघांनी मला खासगीत लिहिलंयही. पण काकांना सांगणार कोण? पंचाहत्तरीला आलेला माणूस, चाली लावता लावता केस पांढरे झालेले.

काकांना ते नमस्कार टोचत होते. परवा मला म्हणाले, ‘तुम्ही पोरं एकमेकांना सोलून काढता आणि मला हार घालता. हार फोटोला घालतात.’

आज भांडुपच्या पोराने लिहिलं: ‘काका, ही पट्टी कशी ठरवलीत?’

मत न मिसळलेला प्रश्न. जूनमधली दुपार वाया गेली नव्हती तर. काकांचं उत्तर रात्री आलं: ‘१९८०च्या सुमारास ठरवली. तेव्हापासून तीच. मुद्दा पोचला.’

२५ जुलै

काकांच्या घरी गेले. पागडीची खोली, खिडकीतून समोरच्याची खिडकी. आधी पांढरी एकमध्ये उतरवून पाहिलं, म्हणजे दीड स्वर खाली. तार गंधार लोण्यासारखा आला. पण मुखडा मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला ‘प’) खाली जातो, तिथे आता नुसता श्वास उरला. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, ‘मधेच काय गिळलंत?’ एवढ्या दिवसांत सर्वांत थेट अभिप्राय. काळी एकवर आलो. वर किंचित ओढ राहते, खाली सूर राहतो. ती ओढ काकांना हवीच होती. ‘सगळं सोपं झालं तर लोक अंतरा ऐकतील कशाला.’

ही गोष्ट गटावर कोणाला जमली नसती. पट्टी बदलून तिथल्या तिथे पुन्हा गायला समोरासमोर बसावंच लागतं. अर्थात गटावर प्रश्न आला नसता तर मी पेटी घेऊन गिरगावात गेलेही नसते.

२ ऑगस्ट

तक्रार: काही गाण्यांवर रांग लागते, काहींवर चिटपाखरू नाही. रात्री अकरानंतर टाकलेलं गाणं सकाळच्या सुविचारांखाली गाडलं जातं. नियम: स्वतःचं टाकण्याआधी दुसऱ्या दोघांच्या गाण्यांवर लिहायचं, आणि ज्याखाली काहीच नाही ते आधी उचलायचं. ‘छान, माझंही ऐका’ हे लिहिण्यात मोजलं जाणार नाही. एकाने रागाने गट सोडला. असो.

एक अख्खं गाणं यंत्राने बनवलेलंही आलं. चाल, आवाज, वाद्यं सगळं. माणसाचे फक्त शब्द. भांडण होण्याआधी ठरवून टाकलं, कोणतं काम कोणी केलं ते वर लिहायचं. त्या गाण्याच्या शब्दांवर आम्ही लिहिलं. चालीवर लिहून उपयोग काय, दुरुस्त करणारं कोण आहे तिथे?

११ ऑगस्ट

नर्सबाईंनी केरवाच ठेवला. रूपकात शब्द सुंदर बसत होते, मलाही तो जास्त आवडला होता. त्यांचं उत्तर: ‘ताई, रात्रपाळी करून चालताना माझी पावलं आठातच पडतात.’ उरलेली मात्रा शेवटच्या अक्षरावर नेली, ‘संपते’ आता स्वच्छ येतं. पण पहिल्या शब्दात ‘रात्रऽपाळी’ त्यांनी तसंच ठेवलंय. दोघांनी पुन्हा लिहिलं, तिथे खटकतं. त्यांनी आभार मानले आणि बदललं नाही. रात्र लांब असते, ती लांबच गाणार, म्हणाल्या.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस वेड्यासारखा. रुळांवर पाणी, लोकल बंद. अंधेरीच्या जॅम रूममधली तालीम रद्द, ज्या दिवशी सगळे पहिल्यांदा भेटणार होते. प्रत्येकाने घरून आपापला भाग पाठवला. मी ते एकाखाली एक लावून ऐकले. नर्सबाई आणि तबला यांच्यात आठव्या आवर्तनापर्यंत अर्ध्या मात्रेचा फरक पडतो. दोघांनाही फक्त वेळ लिहून पाठवली, ०:५१. कोण घाई करतंय ते लिहिलं नाही. दोघांचंही उत्तर आलं: ‘सॉरी, मीच.’

३० ऑगस्ट

कार्यक्रम झाला. सहा म्हटली होती, पाच झाली; दहिसरच्याने आपलं मागे घेतलं, आणि कोणी विचारलं नाही. मंडपातला साउंड आरतीच्या हिशोबाने लावलेला. भांडुपच्या गाण्याला पोरं नाचली, शब्द किती कळले देव जाणे. पण ‘आपला नंबर कितवा सांग’ हे दुसऱ्या वेळी सगळे ओरडले, म्हणजे तेवढे नक्की कळले. काकांच्या अंतऱ्यात तार गंधाराला पहिल्या रांगेतून ‘वा!’ आलं. तिथल्या तिथे, त्या सुरावरच. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

नर्सबाईंना एका आजींनी येऊन विचारलं, लालबागेत कुठल्या चाळीत राहता? ‘मी कुठे आहे ते कळतं का’ हा जूनमधला प्रश्न. त्याचं उत्तर एवढं मिळालं.

२ सप्टेंबर

पुढची फेरी दसऱ्यानंतर. दहिसरच्याने गाणं पुन्हा टाकलंय, या वेळी नावाआधी ‘ऐका’ नाही. प्रश्न आहे: ‘१:४०ला पेटी थांबते तिथे गाणं संपलं असं वाटतं का?’ मागे ज्याने यमकावरून लिहिलं होतं त्यालाच पहिलं उत्तर द्यायला सांगितलंय, दोघांच्या संमतीने. यमकाचं काय, असं मी सहज विचारलं तर दहिसर म्हणतो, ‘सतराशी काय जुळवू, खतरा?’

दोन गाण्यांवर लिहून मगच आपलं टाकायचं हा नियम कायम. भांडुपने आजच दोघांवर लिहून ठेवलंय, मिनिट-सेकंदासकट. त्याच्याकडे नवं गाणं अजून नाहीच.